छातीत धडधड होत नाही, म्हणजे प्रेम नाही का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका तिशीच्या आहेत. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतात. सहा महिन्यांपूर्वी रीतसर कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून त्यांचे लग्न ठरले आणि साखरपुडाही झाला. मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो. तो समंजस आहे, मोकळेपणाने बोलतो, दोन्ही घरची माणसे आनंदात आहेत. अडचण एवढीच की पत्रलेखिकेला त्याच्याबद्दल, त्यांच्याच शब्दांत, ‘आतून काहीच होत नाही’. यापूर्वी चार वर्षे त्यांचे एका मुलाशी घरच्यांपासून लपवून ठेवलेले प्रेमसंबंध होते. तेव्हा त्यांची भूक आणि झोप उडालेली असे, फोन वाजला की हात थरथरत. तो मुलगा मध्येच आठवडाभर बोलणे बंद करी, मग परत येई, आणि शेवटी त्याने दुसरीकडे लग्न केले. त्या धक्क्यानंतर त्यांना नैराश्य आले. मानसोपचारतज्ज्ञांनी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी गोळी सुरू केली, ती आजही चालू आहे. आता त्यांच्या वाचनात आले आहे की प्रेम म्हणजे मेंदूतली डोपामिन आणि ऑक्सिटोसिन ही रसायने. मावशी म्हणते, ‘लग्न झालं की सगळं आपोआप होतं.’ मैत्रीण म्हणते, ‘गोळी बंद कर, मग बघ.’ वैशाखातला मुहूर्त धरायचा म्हणून आई कार्यालय ठरवायच्या घाईत आहे. त्या विचारतात: ‘या माणसासाठी माझ्या मेंदूत ते रसायन तयारच होत नसेल, तर मी त्याला फसवते आहे का?’

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नातील ‘फसवते आहे का’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात, कारण ज्या माणसाबद्दल खरोखर काहीच वाटत नाही, त्याला फसवण्याची अशी चिंता सहसा कोणी करत नाही. ती चिंता प्रेमाचा पुरावा आहे असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या ‘काहीच होत नाही’ या वाक्यात नेमके काय होत नाही आणि काय होते आहे, हे तपासायला हवे. त्याआधी मेंदूतल्या रसायनांविषयी तुम्ही जे वाचले, त्याकडे थोडे बारकाईने पाहू. तुमचा सगळा पेच त्या वाचनावर उभा आहे आणि ते वाचन बरेचसे खरे असूनही त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

प्रेमात पडलेल्या माणसाच्या मेंदूची छायाचित्रे घेण्याचे काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आंद्रेयास बार्टेल्स आणि सेमीर झेकी यांनी केले आणि ते २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत आर्थर ॲरन, लुसी ब्राउन आणि आता दिवंगत झालेल्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांनी केलेला अभ्यास २००५ साली आला. त्यात प्रेमात पडलेल्या माणसांना यंत्रात झोपवून प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला असता मध्यमेंदूतील ‘व्हेंट्रल टेगमेंटल एरिया’ नावाचा छोटा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. डोपामिन बनवून मेंदूच्या इतर भागांकडे पाठवणाऱ्या पेशी तिथे असतात. एखाद्या गोष्टीची ओढ लागते, तिच्यासाठी धडपडावेसे वाटते, त्या यंत्रणेचे हे एक केंद्र आहे. प्रेमाला ‘डोपामिनचा खेळ’ म्हणण्याची पद्धत रूढ होण्यामागे असे अभ्यास आहेत.

मात्र या अभ्यासांत कोणाला घेतले होते, हे लोकप्रिय लेखांमध्ये क्वचितच येते. दोन्हींत १७-१७ माणसे होती आणि ती आपण प्रेमात आकंठ बुडालो आहोत असे स्वतःहून सांगणारी होती. अमेरिकेतल्या अभ्यासातल्या लोकांना प्रेमात पडून सरासरी साडेसात महिनेही झाले नव्हते. म्हणजे जे आधीच वेडावलेले होते त्यांच्या मेंदूत काय चालते, एवढे त्यातून कळले. ज्यांचे प्रेम शांतपणे वाढते आहे, जे अजून एकमेकांना ओळखत आहेत, त्यांच्याविषयी या अभ्यासांनी काहीही म्हटलेले नाही. अमुक भाग सक्रिय झाला तर प्रेम आणि नाही झाला तर प्रेम नाही, असे या संशोधकांनीही म्हटलेले नाही. तसे ठरवणारी रक्ताची किंवा मेंदूची कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. तशी चाचणी करून देण्याचा दावा कोणी केला, तर तिथे पैसे घालवू नका.

आता डोपामिनकडे येते, कारण तुमच्या पत्राचा गाभा तिथेच आहे. डोपामिन हे सुखाचे रसायन आहे असा समज सर्वत्र आढळतो. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी उंदरांवर अनेक वर्षे काम करून दाखवले की ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ संपवले होते, ते अन्नाकडे जाण्याचे कष्ट घेत नसत, पण तोंडात गोड थेंब टाकला की त्यांच्या चेहऱ्यावर तो आवडल्याच्या खुणा उमटत. डोपामिनचा संबंध मुख्यतः हवेसे वाटण्याशी, ओढीशी आणि वाट पाहण्याशी आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की माकडाच्या डोपामिन पेशी जोरात संदेश सोडत. खुणेचा दिवा लागल्यावर रस हमखास मिळतो हे कळले की त्या पेशी दिव्याला प्रतिसाद देत आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहत. दिवा लागूनही रस मिळाला नाही तर त्यांचे काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, म्हणजे मिळेल की नाही हे सांगताच येत नाही, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढत जाते.

हे वाचून झाल्यावर तुमच्या त्या चार वर्षांकडे पुन्हा पाहावे, अशी माझी विनंती आहे. तो मुलगा आठवडाभर गायब होई आणि मग एखाद्या रात्री त्याचा मेसेज येई. येईल की नाही याचा अंदाज करणे तुम्हाला कधीच शक्य झाले नाही. माकडांवरचा प्रयोग माणसाच्या संसाराला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. तरीही अनिश्चिततेने ओढ वाढते, ही गोष्ट माणसांतही दिसते. जुगाराची चटक लागलेल्या माणसात ती आपल्याला स्पष्ट दिसते. हाताला सुटणारा थरकाप, फोनकडे लागलेले डोळे, निळ्या खुणा दिसूनही उत्तर न आल्यावर गळून गेलेला जीव, यातला किती भाग त्या मुलामुळे होता आणि किती भाग त्याच्या बेभरवशाच्या वागण्यामुळे होता? तुम्ही ज्याला प्रेमाची खूण मानता आहात, ती बरीचशी अनिश्चिततेची खूण असण्याची दाट शक्यता मला दिसते. जो माणूस रात्री नऊला फोन करीन म्हणतो आणि नऊलाच करतो, त्याच्या फोनने हात थरथरणार नाहीत. त्यात त्याची काही उणीव नाही आणि तुमच्या मेंदूचीही नाही.

शिवाय ते सारे लपूनछपून चालले होते. कोणी पाहील, घरी कळेल, या भीतीनेही छाती धडधडते, आणि धडधड कशामुळे होते आहे हे ओळखण्यात माणसाची गफलत होते. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कॅनडातील व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर आणि जवळच्या एका कमी उंचीच्या भक्कम पुलावर एका तरुणीने पुरुषांना थांबवून काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. हलत्या पुलावर भेटलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांनी नंतर तिला फोन केला, भक्कम पुलावरच्यांपैकी फार थोड्यांनी. भीतीने वाढलेली धडधड त्यांनी आकर्षणाच्या खात्यावर जमा केली, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला. तुमच्या पहिल्या प्रेमात खरे प्रेम नव्हतेच, असे मी यावरून म्हणणार नाही. ते ठरवण्याचा अधिकार तुमचाच आहे. पण आजच्या नात्याला तुम्ही जी मोजपट्टी लावत आहात, ती भीती, गुप्तता आणि अनिश्चितता यांच्या मिश्रणातून तयार झालेली आहे आणि आजच्या नात्यात सुदैवाने यांतले काहीच नाही.

झोप-भूक उडवणाऱ्या ध्यासाचाही खुलासा करते. इटलीतील पिसा विद्यापीठात दोनातेल्ला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली २० नुकतेच प्रेमात पडलेले, २० मंत्रचळाचा विकार असलेले (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) आणि २० सर्वसामान्य लोक यांचे रक्त तपासले. रक्तातील प्लेटलेट पेशींवर सेरोटोनिन वाहून नेणारी प्रथिने असतात. ती प्रेमात पडलेल्यांत आणि मंत्रचळाच्या रुग्णांत सारखीच कमी आढळली. दिवसातले किमान चार तास प्रिय व्यक्तीचाच विचार करणारी माणसे यासाठी निवडली होती, हे ध्यानात घ्या. त्यांतल्या काहींची वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासणी केली, तेव्हा नाते टिकूनही हे प्रमाण इतरांसारखे झाले होते. प्लेटलेटवरून मेंदूविषयी ठाम विधान करता येत नाही आणि अभ्यास लहान आहे, तरी नव्या प्रेमाचा तो ध्यास कायमचा नसतो, हे आपल्या अनुभवाशीही जुळते. ताप किती डिग्री चढला यावरून आजार कोणता हे कळत नाही, तसेच ओढ किती तीव्र आहे यावरून माणूस आपल्यासाठी कसा आहे हे कळत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी मावशींच्या बाजूने बोलते आहे. तसे नाही. मावशींच्या ‘आपोआप होतं’ या वाक्याचीही तितकीच तपासणी व्हायला हवी.

त्यामागे हल्ली ऑक्सिटोसिनचा आधार दिला जातो. सहवास आणि स्पर्श घडला की हे संप्रेरक पाझरते आणि जिव्हाळा बांधला जातो, असे सांगितले जाते. आपल्याकडे गोठ्याशी संबंध असलेल्यांना ऑक्सिटोसिन वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: म्हशीने पान्हा सोडावा म्हणून दिले जाणारे, गैरवापरामुळे बदनाम झालेले इंजेक्शन. बाळंतपणात गर्भाशयाच्या कळांसाठी आणि अंगावर पाजताना दूध उतरण्यासाठी हेच संप्रेरक काम करते. जोडीदाराशी बंध जुळण्यातील त्याची भूमिका मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या गवताळ भागातील प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यामुळे पुढे आली. हा प्राणी सहसा एकाच जोडीदाराबरोबर राहतो, तर डोंगराळ भागातली त्याचीच भावकी तशी राहत नाही. स्यू कार्टर, थॉमस इन्सेल, लॅरी यंग अशा संशोधकांनी दाखवले की या दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकांची (पेशींवर संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांची) मांडणी वेगळी आहे. यावरून ‘ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचा डिंक’ अशी समजूत पसरली. मग २०२३ साली असे दिसले की ऑक्सिटोसिनचा ग्राहक जनुकीय बदलाने काढून टाकलेले प्रेअरी व्होलही जोड्या जमवतात आणि पिल्ले वाढवतात. एकच रसायन आणि एकच भावना असा सोपा हिशेब एवढ्याशा प्राण्यातही जुळत नाही, मग माणसाचे काय सांगावे? माणसांवरील अभ्यासांत तर ऑक्सिटोसिनचा परिणाम समोर कोण आहे आणि परिस्थिती कशी आहे यानुसार बदलतो, असे दिसते. जिथे विश्वास नाही, तिथे ते जिव्हाळा निर्माण करून देईल, अशा भरवशावर कोणीही लग्न करू नये.

ठरवून केलेल्या लग्नात प्रेम वाढत जाते आणि प्रेमविवाहात ते घटत जाते, या समजुतीला आधार म्हणून १९८२ साली जयपूरमध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी केलेल्या ५० जोडप्यांच्या अभ्यासाचे नाव पुष्कळदा घेतले जाते. त्यात खरोखर तसे आढळले होते. पण ती तीच जोडपी वर्षानुवर्षे पाहिलेली नव्हती, लग्नाला कमी-अधिक वर्षे झालेल्या वेगवेगळ्या जोडप्यांची तुलना होती आणि प्रत्येक गटात अगदी मोजकी जोडपी होती. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय विवाहितांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम आणि समाधान यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे लग्न कसे ठरले यापेक्षा त्या दोघांत पुढे काय घडते, याला महत्त्व असावे, असे मला वाटते. आपल्या आजी-मावशींच्या पिढीत अनेकींच्या वाट्याला खरोखर प्रेमळ संसार आला, पण अनेकींनी जे नाही त्यालाच प्रेम म्हणून दिवस काढले, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे आहे.

आता गोळीविषयी, आणि इथे मी अगदी स्पष्ट बोलणार आहे. मैत्रिणीच्या सल्ल्याने गोळी अचानक बंद करू नका. या गटातली औषधे एकाएकी थांबवली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बिघाड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव असा त्रास होऊ शकतो आणि मूळचे नैराश्य परतण्याचा धोका असतो. लग्नाच्या निर्णयाच्या ऐन काळात तो धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. मात्र मैत्रिणीच्या शंकेत काहीच तथ्य नाही, असेही नाही. या गोळ्यांमुळे अनेकांची कामेच्छा कमी होते, आणि काहींना दुःखाबरोबर आनंदही बोथट झाल्यासारखा वाटतो. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा: हा कोरडेपणा फक्त या माणसाबाबत आहे, की गाणे, सणवार, भाचरांचा दंगा, आवडीचे काम, सगळीकडेच पूर्वीइतके रमणे होत नाही? सगळीकडे असेल, तर प्रश्न तुमच्या होणाऱ्या नवऱ्याविषयी नसून औषधाच्या मात्रेविषयी किंवा अजून पुरते न ओसरलेल्या नैराश्याविषयी असू शकतो. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन हे नेमक्या शब्दांत सांगा, कामेच्छेविषयीही संकोच न करता बोला. मात्रा बदलणे, औषध बदलणे किंवा काही महिन्यांत हळूहळू कमी करणे, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे.

जुन्या मुलाची आठवण अजून येते, त्याचा फोटो दिसला की पोटात गोळा येतो, असेही तुम्ही ओघात लिहिले आहे आणि त्यावरून ‘खरे प्रेम तेच होते’ असा अर्थ काढला आहे. फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली, नाते तुटूनही प्रेमातून बाहेर न पडलेल्या १५ लोकांची तशीच तपासणी केली. सोडून गेलेल्या व्यक्तीच्या फोटोने त्यांच्या मेंदूतली ओढीची यंत्रणा जागी होत होती, व्यसनाच्या तलफेशी संबंधित भागही त्यात होते. म्हणजे जे मिळाले नाही, त्याच्याकडेही मेंदू ओढ घेत राहतो आणि ती ओढ म्हणजे त्या माणसाच्या योग्यतेचा दाखला नव्हे. त्याचे फोटो समोर येण्याचे मार्ग तेवढे बंद करा. इतर औषधांइतकेच हेही आवश्यक आहे.

मग पाहायचे कशाकडे? मला शांतपणा आणि उदासीनता यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. दोन्हींत धडधड नसते, म्हणून त्यांची गल्लत होते. तुमच्या पत्रात मला दोन्हीकडच्या खुणा दिसतात. होणाऱ्या नवऱ्याशी बोलून झाल्यावर झोप शांत लागते, कार्यालयातला एखादा ताण आईच्या आधी त्यांना सांगितला जातो, असे तुम्ही लिहिता. ही शांतपणाची, विसावा मिळत असल्याची चिन्हे आहेत. दुसरीकडे, त्यांची भेट ठरली तर ‘वाटही पाहत नाही आणि टाळतही नाही’ असेही तुम्ही म्हणता, आणि ते माणूस म्हणून कसे आहेत याचे वर्णन करताना जवळजवळ सगळी विशेषणे घरच्यांनी वापरलेली आहेत. त्यांना कशाचे हसू येते, कशाचा राग येतो, एकटे असताना ते काय करतात, यातले पत्रात काही नाही. मला शंका आहे की तुम्ही या माणसाला नाकारलेले नाही आणि स्वीकारलेलेही नाही. तुमची त्यांच्याशी अजून पुरेशी ओळखच झालेली नाही. प्रत्यक्ष भेटी थोड्या झाल्या, त्याही बहुतेक दोन्ही घरांच्या गोतावळ्यात. मोठ्यांसमोर सोफ्यावर बसून झालेल्या गप्पांतून ओढ निर्माण व्हावी, ही अपेक्षा मेंदूकडून करणेच अन्यायाचे आहे.

म्हणून तारीख धरण्याआधी काही आठवड्यांचा अवकाश मागून घ्या आणि तो नुसत्या विचारात न घालवता भेटीगाठींत घालवा. घरच्यांच्या पहाऱ्याबाहेर, दिवसाउजेडी, पण हॉटेलातल्या टेबलासमोरच बसून नव्हे. एकत्र काहीतरी नवे, थोडे दमवणारे करा: एखादा किल्ला चढा, अनोळखी गावातला बाजार पायी फिरा, दोघांनाही न येणारा पदार्थ करून पाहा. ॲरन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांना हात-पाय एकमेकांशी बांधून, रांगत, हात न लावता एक उशी गादीपलीकडे न्यायला लावली होती. अवघ्या सात मिनिटांच्या या खटाटोपानंतर त्यांना आपले नाते, साधे कंटाळवाणे काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा अधिक चांगले वाटू लागले होते. ती आधीपासून एकमेकांना ओळखणारी जोडपी होती, तुमची स्थिती वेगळी आहे, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. पण दमल्यावर, वाट चुकल्यावर, पावसात भिजल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो कांदेपोह्यांच्या बशीपलीकडे दिसत नाही.

या भेटींत अवघड विषयही निघायला हवेत: पैसा कोण कसा सांभाळणार, तुमची पुण्यातली नोकरी की त्यांचे बेंगळुरू, मूल कधी आणि हवे की नको, दोन्हीकडच्या आई-वडिलांची जबाबदारी. तुमच्या आजारपणाविषयी आणि गोळीविषयी त्यांना लग्नाआधी सांगावे, असे माझे ठाम मत आहे. आधीच्या संबंधाचा तपशील सांगणे तुमच्यावर बंधनकारक नाही, पण नैराश्य आणि औषध ही पुढे रोजच्या सहजीवनाचा भाग असणारी गोष्ट आहे. ते सांगितल्यावर ते कसे वागतात, त्या क्षणीच नव्हे तर पुढच्या आठवडाभर, यातून तुम्हाला कोणत्याही डोपामिनपेक्षा जास्त समजेल. आणि ‘फसवणूक’ या शब्दाचे तुमच्यावरचे ओझेही उतरेल.

शरीराविषयी लिहिताना आपल्याकडे सगळेच अडखळतात, पण ते टाळून चालणार नाही. हात हातात घेतला, शेजारी खांद्याला खांदा लागला, तर काय वाटते? काहीच न वाटणे किंवा अवघडणे हे सुरुवातीला चालेल, ओळख वाढल्यावर पुष्कळदा ते बदलते. पण किळस वाटत असेल, अंग आक्रसत असेल, त्यांचा वास नकोसा होत असेल, आणि काही भेटींनंतर, डॉक्टरांशी बोलून झाल्यावरही तसेच वाटत राहिले, तर लग्न करू नका. सहवासाने ते जाईल अशी जोखीम तुमच्या आणि त्यांच्या शरीरावर घेण्याचा अधिकार कोणालाच नाही, मावशींनाही नाही. होणाऱ्या नवऱ्याकडून धाक, संशय, पगाराच्या पैशांवर हक्क सांगणे, असे काही जाणवले तर मग प्रश्नच मिटला. तिथे रसायनांची चर्चा नको.

याउलट त्या काळात तुम्हाला त्यांच्याविषयी कुतूहल वाटू लागले, एखादी गोष्ट दिसली आणि ती त्यांना दाखवावीशी वाटली, त्यांच्या दुखण्याने तुमचे लक्ष उडाले, तर पुरेसे आहे. त्याहून अधिकाची वाट पाहत मुहूर्त पुढे पुढे ढकलू नका. ओढ आणि स्थैर्य एकत्र नांदू शकत नाहीत, असेही समजू नका. बियांका असेवेडो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लग्नाला सरासरी २१ वर्षे झालेले आणि अजूनही जोडीदारावर उत्कट प्रेम असल्याचे सांगणारे लोक होते (योगायोगाने तेही १७च). जोडीदाराचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूतही तीच डोपामिनची यंत्रणा सक्रिय होत होती, तिच्या जोडीला जिव्हाळ्याशी संबंधित भागही होते. नव्या प्रेमातली बेचैनी आणि ध्यास मात्र त्यांच्या सांगण्यात नव्हता. असे सगळ्यांचेच होते असे नाही, ते निवडलेले लोक होते. पण असे होऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

समजा या साऱ्यानंतरही तुमचे मन ‘नाही’च म्हणाले, तर साखरपुडा मोडणे ही नाचक्की नव्हे. त्याचा त्रास होईल, नातेवाईक बोलतील, दोन्हीकडचा खर्च वाया जाईल, आणि त्या माणसाला दुःख होईल. तरी ते दुःख लग्नानंतर दोन वर्षांनी होणाऱ्या दुःखापेक्षा पुष्कळ लहान असेल. तसे करायचे ठरवलेत तर निरोप आई-वडिलांकरवी पाठवू नका. आधी तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोला, आणि ‘मेंदूत रसायन नाही’ असले कारण देऊ नका. ‘मी प्रयत्न केला, मला हे लग्न करावेसे वाटत नाही’ एवढे खरे वाक्य तुम्ही त्यांना देणे लागता.

आईशी आजच बोलावे लागेल, कारण कार्यालयाची आगाऊ रक्कम एकदा भरली की घरातल्या प्रत्येकाचा सूर बदलतो. त्यांना मेंदूशास्त्र समजावण्याची गरज नाही. मुलगा मला नापसंत नाही, पण मला त्याला नीट ओळखायचे आहे, त्यासाठी वैशाखाऐवजी मार्गशीर्षातला मुहूर्त धरू, असे सांगा. आई रागावतील, त्यांना दुसरीकडच्या माणसांना काय सांगायचे हा प्रश्न पडेल. म्हणून त्याआधी बेंगळुरूला फोन करा आणि हीच इच्छा त्यांच्यापुढे मांडा. ते ‘मलाही तसंच वाटत होतं’ म्हणतात, की ‘घरच्यांना विचारतो’ म्हणतात, की चिडतात, हे ऐका आणि मग आईकडे जा.